डीएनए दुरुस्ती : प्रथिनांचा ऊर्जावापर

डीएनएतील बिघाड हेरणारी, तो भाग काढून टाकणारी आणि धागा पुन्हा सांधणारी अनेक प्रथिने ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट (एटीपी) या पेशीतील ऊर्जावाहक रेणूवर अवलंबून असतात. सर्वच नव्हेत : फोटोलायेज हे विकर प्रकाशावर चालते, तर बिघडलेले क्षारक (डीएनएची ‘अक्षरे’) तोडणाऱ्या ग्लायकोसिलेज विकरांना एटीपी लागत नाही. एटीपीच्या जलविच्छेदनातून (पाण्याच्या साहाय्याने तो फुटण्यातून) प्रमाण स्थितीत मोलमागे सु. ३०.५ किलोज्यूल मुक्त ऊर्जा मिळते. पेशीत ती बरीच अधिक, सु. ५० किलोज्यूल असते. मात्र ही ऊर्जा दरवेळी रेटा देण्यासाठीच खर्च होते असे नाही. पुष्कळदा एटीपी नुसता चिकटल्यानेच प्रथिनाचा आकार बदलतो. विच्छेदन होते ते प्रथिन मूळ स्थितीत आणण्यासाठी.

याविषयीचा मुख्य वाद म्यूट-एस या प्रथिनासंबंधी आहे. प्रतिकृतीकरणात पडलेली क्षारकांची चुकीची जोडी ते ओळखते आणि तेथे डीएनए वाकवते. पुढे हा संदेश दूरवरच्या जीएटीसी क्रमापाशी कसा पोहोचतो? (ई. कोलाय जीवाणूत या क्रमापाशी म्यूट-एच हे विकर मेथिलरहित, म्हणजे नव्या धाग्याला छेद देते.) पॉल मॉड्रिच यांच्या गटाने १९९७ मध्ये, म्यूट-एस एटीपी खर्चून डीएनए ओढते व त्याचे वेटोळे वाढत जाते, असे सुचवले. रिचर्ड फिशेल यांच्या गटाने त्याच सुमारास मानवी प्रथिनांवरून वेगळे मत मांडले : एडीपी (एटीपी फुटल्यावर उरणारा रेणू) जाऊन एटीपी आला की प्रथिन डीएनएभोवती मिटते आणि विच्छेदनाविना, केवळ विसरणाने (रेणूंच्या आपोआप होणाऱ्या दिशाहीन हालचालीने) सरकते. म्यूट-एस जागीच राहते आणि एटीपीमुळे जोडीची फेरतपासणी होते, असे तिसरे मत वेई यांग व सहकाऱ्यांचे (२००१). एकेका रेणूवर पुढे झालेली निरीक्षणे दुसऱ्या मताशी अधिक जुळतात. मॉड्रिच यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक टोमास लिंडाल व अझीझ संजार यांच्यासमवेत मिळाले, ते मात्र या दुरुस्तीच्या एकूण उलगड्यासाठी.

यूव्हीआर-डी हे हेलिकेज (डीएनएचे दोन धागे विलग करणारे विकर) खरोखर इंजिनासारखे चालते. क्षारकांची एक जोडी उलगडण्यास त्याला साधारणतः एक एटीपी लागतो. उलट, रेक-ए या तुटलेल्या डीएनएच्या दुरुस्तीतील प्रथिनाला डीएनएवर तंतू बांधून धाग्यांची अदलाबदल सुरू करण्यास एटीपीचे बंधन पुरते. अतिशय सावकाश फुटणारा एटीपी-गॅमा-एस दिला तरी ती होते. विच्छेदन लागते ते तंतू सुटण्यास आणि विजोड क्रमाचे अडथळे ओलांडण्यास.

अखेरचा सांधा लायगेज जोडते. मानवात ते एटीपी, तर ई. कोलायमध्ये एनएडी हा वेगळा रेणू वापरते.