महाकाय सॅलॅमँडर: दोनशे वर्षांची गोष्ट, बावन्न वर्षांची नोंद

चीनमध्ये चोंगचिंगजवळच्या एका गुहेत ५२ किलोचा महाकाय सॅलॅमँडर (पालीसारख्या आकाराचा, पाण्यात राहणारा उभयचर) सापडला, वय म्हणे २०० वर्षं. २०१५ सालची ही बातमी परवा आमच्या नाशिकच्या गटावर पुन्हा फिरून आली. वजन काट्यावरचं होतं. वय मात्र अंदाजपंचे.

आपल्याकडे हा प्राणी नाही. सह्याद्रीत त्याचे लांबचे भाऊबंद तेवढे भेटतात: बेडूक आणि बिनपायांचा देवगांडूळ.

महाकाय सॅलॅमँडरबद्दल भलत्या समजुती जुन्याच आहेत. १७२६ मध्ये शॉइख्झर नावाच्या स्विस विद्वानाने याच कुळातला एक जीवाश्म जलप्रलयात बुडालेला माणूस म्हणून जाहीर केला. १८११ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिएने दगड कोरून पुढचे पाय उघडे केले, तेव्हा तो सॅलॅमँडर निघाला.

वयाची भरवशाची नोंद मिळाली ती अपघाताने. नागासाकीच्या डच वखारीतला जर्मन डॉक्टर सीबोल्ट याला हेरगिरीच्या संशयावरून १८२९ मध्ये जपान सोडावं लागलं. त्याने सोबत घेतलेल्या जपानी महाकाय सॅलॅमँडरच्या जिवंत जोडीतल्या नराने वाटेतच मादी खाऊन टाकली. उरलेला नर आधी लायडनला आणि मग अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात १८८१ पर्यंत जगला. म्हणजे माणसाच्या ताब्यात ५२ वर्षं. पकडला तेव्हा तो किती वर्षांचा होता, हे कोण सांगणार? म्हणून ५२ हा आकडा कमीत कमी धरायचा.

एवढं आयुष्य येतं ते थंडपणातून. डोंगरातल्या गार, वाहत्या पाण्यात शरीराचा कारभार संथ चालतो. आठवडेच्या आठवडे उपाशी राहिलं तरी चालतं. फुप्फुसं असून नसल्यासारखी, श्वास जवळजवळ सगळा त्वचेतून. अंगाच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या कातडीच्या घड्या त्यासाठीच. पण म्हणूनच पाणी बिघडलं की थेट श्वासावर येतं. चीनमध्ये खाण्यासाठी त्याची शेती फोफावली. तिथल्या दाटीत २०१० च्या सुमारास रानाव्हायरस या विषाणूची साथ घुसली आणि जनावरं अंगावर व्रण पडून मेली.

जपानी नराची एक गोष्ट मला फार आवडते. काठातल्या बिळाचा हा मालक महिनोन् महिने अंडी राखतो, शेपटीने पाणी हलवून त्यांना हवा पुरवतो आणि बुरशी लागलेली अंडी स्वतःच खाऊन टाकतो, म्हणजे बाकीची वाचतात. हिरोशिमाच्या आसा प्राणिसंग्रहालयाला त्याची पैदास साधली ती १९७९ मध्ये.

बीळ हवं तर काठ मातीचा हवा. जपानने १९५२ मध्ये त्याला विशेष नैसर्गिक ठेव्याचा दर्जा दिला, पण नद्यांचे काठ काँक्रीटने बांधणं थांबलं नाही. गोदापात्रातलं काँक्रीट उखडून जुन्या कुंडांचे झरे मोकळे करा, ही मागणी ज्यांनी ऐकली आहे त्या नाशिककरांना हे वेगळं समजावायला नको. जपानात आता काही बंधाऱ्यांना त्याला चढता येईल असे उतार जोडतात आणि काँक्रीटच्या काठात मुद्दाम बिळं ठेवतात.