तुमच्या प्रोजेक्टच्या कमांड: काय टाइप करायचं आणि का

हे पत्रक आमच्याकडून वेब ॲप बनवून घेतलेल्या, पण रोजची देखभाल स्वतःच्या डेव्हलपरकडून करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. नेमकं स्पेलिंग प्रोजेक्टच्या रीडमी फाइलमध्ये मिळेल.

टूल मशीनवर नको, प्रोजेक्टमध्ये हवं

नवीन माणूस कामावर आला की तो आधी ईएसलिंट (कोडमधल्या चुका दाखवणारं टूल), टाइपस्क्रिप्ट (टाइप तपासणारं टूल) वगैरे सगळं आपल्या लॅपटॉपवर 'ग्लोबल', म्हणजे सगळ्या प्रोजेक्टसाठी एकदाच, बसवतो. मग दोन लॅपटॉपवर दोन व्हर्जन होतात आणि 'माझ्याकडे तर चालतंय' हा वाद सुरू होतो. एप्रिल 2024 मध्ये आलेल्या ईएसलिंट 9 चंच बघा. सेटिंगची जुनी ईएसलिंटआरसी फाइल त्याने आपणहून वाचणं बंद केलं. ज्याच्या मशीनवर ग्लोबल ईएसलिंट अपडेट झालं, त्याला आठव्या व्हर्जनवरच्या प्रोजेक्टमध्ये 'कॉन्फिग फाइल सापडत नाही' अशी एरर येणार. कोडमध्ये मात्र एका अक्षराचाही बदल झालेला नसतो.

म्हणून आमच्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक टूल प्रोजेक्टच्याच यादीत (पॅकेज डॉट जेसन फाइलमध्ये) असतं आणि त्याचं नेमकं व्हर्जन लॉक फाइल नावाच्या दुसऱ्या फाइलमध्ये पक्कं केलेलं असतं. कोड उतरवल्यावर 'एनपीएम सीआय' एकदा चालवा; एनपीएम म्हणजे ही टूल उतरवून बसवणारा प्रोग्रॅम. 'एनपीएम इन्स्टॉल' इथे वापरू नका, कारण ते प्रसंगी लॉक फाइल बदलतं. 'सीआय' तिला हात लावत नाही. यादी आणि लॉक फाइल जुळत नसेल तर सरळ थांबतं. नोड मॉड्यूल्सचं (उतरवलेली टूल जिथे असतात ते) जुनं फोल्डर ते पुसून टाकतं, त्यामुळे थोडा वेळ जातो.

लक्षात ठेवायच्या कमांड

'एनपीएम रन' च्या पुढे डेव्ह, लिंट, टेस्ट, बिल्ड किंवा चेक लिहा, बस्स. या नावांमागच्या लांबलचक कमांड पॅकेज डॉट जेसनच्या 'स्क्रिप्ट्स' भागात आहेत. एनपीएम स्क्रिप्ट चालवताना प्रोजेक्टमधलं बिन फोल्डर पाथमध्ये (टूल शोधायच्या जागांच्या यादीत) सगळ्यात पुढे ठेवतं. त्यामुळे नोड मॉड्यूल्सपासूनचा अख्खा पत्ता टाइप करावा लागत नाही आणि लॅपटॉपवरचं ग्लोबल टूल मध्ये येत नाही. 'चेक' मध्ये लिंट, टाइप तपासणी आणि टेस्ट एकामागून एक होतात. एक अडलं की पुढचं चालत नाही. कोड पुश करण्याआधी निदान एवढी कमांड चालवाच. नावं विसरलात तर नुसतं 'एनपीएम रन' टाइप करा, सगळी यादी समोर येते.

हमखास चुकणारी एक गोष्ट: स्क्रिप्टला जादा पर्याय द्यायचा असेल तर आधी मोकळे दोन डॅश टाकावे लागतात. लिंटकडून दुरुस्तीही करून घ्यायची तर 'एनपीएम रन लिंट', मग दोन डॅश, मग एक जागा सोडून 'डॅश डॅश फिक्स'. मधले डॅश विसरले तर तो पर्याय एनपीएम स्वतःसाठीच समजतं, लिंटपर्यंत काही पोचत नाही.

एनपीएक्स जपून

'स्क्रिप्ट्स' मध्ये नाव न दिलेलं टूल एखाद्या वेळी लागलं तर ते थेट चालवणारी 'एनपीएक्स' कमांड आहेच. पण टूल प्रोजेक्टमध्ये नसेल तर ते इंटरनेटवरून उतरवून चालवतं. एनपीएम 7 पासून आधी परवानगी विचारली जाते. तिथे डोळे झाकून 'वाय' दाबू नका. स्पेलिंग चुकलेलं असेल तर भलत्याच कुणाचं पॅकेज तुमच्या मशीनवर चालेल.

लाराव्हेल असेल तर

प्रोजेक्ट लाराव्हेलवर, म्हणजे पीएचपी भाषेतल्या फ्रेमवर्कवर, असेल तर तत्त्व तेच, फक्त 'कंपोझर रन' म्हणायचं. पीएचपीसाठी कंपोझर एनपीएमचंच काम करतं. स्क्रिप्ट चालवताना कंपोझरही व्हेंडरमधलं बिन फोल्डर पाथमध्ये पुढे आणतं.

कमांडना अशी छोटी नावं देणारं जुनं टूल 'मेक' का नाही, असं काही जण विचारतात. 1976 पासूनचं ते टूल आम्हालाही आवडतं, पण विंडोजवर ते आयतं मिळत नाही, आणि आमच्या बऱ्याच ग्राहकांकडे विंडोजच आहे. त्याच कारणाने आम्ही स्क्रिप्टच्या ओळीत एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या सेटिंगच्या किमती) लिहीत नाही. लिनक्सवर चालणारी ती पद्धत विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला कळत नाही. अशा किमती एन्व्ह फाइलमध्ये ठेवा, आणि ती फाइल गिटमध्ये टाकू नका.

कुठे अडलं तर टर्मिनलचा फोटो नको, मजकूर कॉपी करून पाठवा. शेवटच्या ओळीत बहुतेक वेळा 'स्क्रिप्ट अयशस्वी' एवढंच असतं; खरं कारण वर असतं, त्यामुळे कमांड दिल्यापासूनचं सगळं द्या. सोबत 'नोड डॅश व्ही' चं उत्तरही जोडा.