चकचकीत काळा रेनकोट घातलात तर भिजाल

'रेन रूम' नावाची एक कलाकृती आहे. रँडम इंटरनॅशनल या कलासमूहाने ती २०१२ साली लंडनच्या बार्बिकन केंद्रात मांडली. अंधाऱ्या दालनात छतातून धो धो पाऊस पडत असतो. तुम्ही आत शिरलात की तुमच्या डोक्यावरचा तेवढाच पाऊस थांबतो. चारी बाजूंनी सरी, मध्ये तुम्ही कोरडे. ही कलाकृती पुढे अमेरिकेतल्या संग्रहालयात गेली तेव्हा प्रेक्षकांना सूचना होती की गडद, चकचकीत कपडे नकोत आणि रेनकोटही नको.

पावसात जायचं आणि रेनकोट नको! त्यात काळ्याला मनाई म्हटलं की काहींना लगेच अपशकुन आठवेल. पण या नियमामागे निव्वळ भौतिकशास्त्र आहे. तेच कळलं की दुकानाच्या काचेमागची, हात हलवला की फुलं उधळणारी स्क्रीन भर दुपारी मख्ख का होते, हेही कळतं.

अशा स्क्रीनसमोर थांबलेल्यांचं बोलणं ऐकत उभं राहायची मला खोड आहे. 'हिने मला ओळखलं' हे वाक्य हमखास येतं. खरं तर तिने कुणालाही ओळखलेलं नसतं. १९९९ सालच्या 'टेक्स्ट रेन' या कलाकृतीत वरून अक्षरं पडत आणि माणसांच्या हाताखांद्यांवर अलगद टेकत. कॅमिल अटरबॅक आणि रोमी अचितुव यांच्या त्या संगणकाला फक्त उजेड आणि काळोख कळत होता. पार्श्वभूमी फिकट ठेवायची. जिथे काही गडद दिसेल तिथे अक्षराने थांबायचं. हातात काळी छत्री धरली तर अक्षरं छत्रीवर साठत. हालचालीला प्रतिसाद देणाऱ्या आजच्या बहुतेक स्क्रीन आणि भिंती उजेडाऐवजी अंतर मोजतात, एवढाच फरक. खोली रिकामी असताना प्रत्येक बिंदूचं अंतर नोंदवून ठेवायचं, मग नव्या अंतरातून ते वजा करायचं. जे जवळ आलं, ते माणूस. बोटं आणि कोपर वेगळं ओळखायला शिकवलेली प्रणाली लागते, हे खरं. पण फुलं उधळायला वजाबाकी पुरते, आणि तिलाच माहितीपत्रकात 'कृत्रिम बुद्धिमत्ता' म्हणून विकलं जातं.

आता अंतर कसं मोजतात ते पाहू. माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे.

कॅमेऱ्याशेजारचा दिवा अवरक्त प्रकाश सोडतो. तो डोळ्यांना दिसत नाही. प्रकाश माणसावर आपटून परत येतो. लागलेला वेळ मोजला, प्रकाशाच्या वेगाने गुणला, दोनाने भागला की अंतर मिळालं. शाळेतलंच गणित, पण आकडे छळवादी. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटिमीटर जातो. एका सेंटिमीटरचा फरक ओळखायचा तर त्याच्याही सुमारे पंधराव्या भागाइतका वेळ मोजायला हवा. तोही लाखभर बिंदूंसाठी, सेकंदाला तीस वेळा. म्हणून बरेच कॅमेरे वेळ थेट मोजतच नाहीत. ते दिव्याला लाटेसारखं कमीजास्त करतात, समजा सेकंदाला २ कोटी वेळा. एक फेरी ५० नॅनोसेकंदांची. तेवढ्यात प्रकाश १५ मीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन साडेसात मीटर. परत आलेली लाट सोडलेल्या लाटेपेक्षा जितकी मागे पडली, तितकं अंतर. पूर्ण फेरीचे ३६० अंश धरले तर एक अंश म्हणजे साधारण दोन सेंटिमीटर.

हे मागे पडणं मोजायची युक्ती मला फार आवडते. फेरीत समान अंतराने चार वेळा 'आत्ता किती उजेड आला' हे मोजायचं. पहिल्यातून तिसरं वजा करायचं, दुसऱ्यातून चौथं. खोलीतला इतर उजेड चारही मापांत सारखाच असतो, त्यामुळे वजाबाकीत तो उडून जातो. उरलेल्या दोन आकड्यांच्या गुणोत्तराचा व्यस्त टॅन (त्रिकोणमितीतल्या टॅनची उलट क्रिया) काढला की कोन मिळतो. त्याच दोन आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं की परतलेल्या लाटेचं बळ मिळतं. कोन सांगतो अंतर किती, आणि बळ सांगतं त्या उत्तरावर विश्वास किती ठेवायचा.

एक अडचण राहते. साडेसात मीटरनंतर फेरी पुन्हा सुरू होते, त्यामुळे साडेआठ मीटरवरचा माणूस एका मीटरवर असल्यासारखा भासतो. त्यासाठी दुसरी, जलद लाटही वापरतात. घड्याळातला मिनिटकाटा बारकाईने सांगतो पण तास कुठला ते त्याला ठाऊक नसतं. तासकाटा ढोबळ, पण तास चुकत नाही. दोन्ही एकत्र वाचायचे.

आता काळा रेनकोट. काळा पृष्ठभाग प्रकाश शोषतो, आणि चकचकीत असेल तर उरलेला आरशासारखा भलतीकडेच पाठवतो. लाटेचं बळ इतकं घसरतं की कॅमेरा तो बिंदू टाकून देतो. अंतर चुकत नाही, उत्तरच येत नाही. उत्तर नाही म्हणजे माणूस नाही, म्हणजे पाऊस चालू. काळ्याभोर केसांमुळे कधीकधी डोक्याच्या जागी भोक दिसतं ते यामुळेच. मात्र आपल्याला काळं दिसणारं सगळं अवरक्तात काळं नसतं. कापडाचे कित्येक काळे रंग अवरक्त प्रकाश छान परत पाठवतात. काजळीवर आधारलेले रंग मात्र तो गिळतात. दोन काळे सदरे शेजारी ठेवले तर एक कॅमेऱ्याला पांढरा दिसेल, दुसरा काळाच.

आणि दुपारची स्क्रीन? वजाबाकीत ऊन उडतं म्हटलं होतं, ते अर्धसत्य. उडते ती उन्हाची सरासरी, चढउतार राहतात. प्रकाश कणाकणाने येतो. दहा हजार कण अपेक्षित असतील तर शंभरेक इकडेतिकडे होतातच. तुमच्या हातावरून आलेले कण पन्नास असतील तर ते त्या गोंगाटात बुडाले. निसर्गाची एक मेहरबानी अशी, की ९४० नॅनोमीटरच्या आसपासचं ऊन हवेतली वाफ बरंच शोषते. म्हणून उघड्यावर चालायचे सेन्सर बहुधा तीच तरंगलांबी निवडतात. दुकानाची काच हा वेगळा ताप. सेन्सर काचेपासून जरा मागे बसवला तर स्वतःच्याच दिव्याचं प्रतिबिंब त्याला आंधळं करतं.

काही भिंती माणसाभोवती रंगीत वलय काढतात. एकदा शेजारच्या गृहस्थांनी गंभीरपणे सांगितलं, वलय निळं म्हणजे मन शांत. ते वलय म्हणजे तुमची बाह्यरेषा थोडी फुगवून धूसर केलेली. रंग कलाकाराने निवडलेला. एखादी खुर्ची पुढे सरकवली असती तर तिचंही मन तितकंच शांत निघालं असतं.

कॅमेरा उत्तम असला तरी उशीर उरतो. हालचाल आणि प्रतिसाद यांत सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त वेळ गेला की भिंत आपल्याशी खेळत नाही, आपली नक्कल करतेय असं वाटू लागतं. स्क्रीनला इतका झटपट प्रतिसाद जमतो. पाण्याला नाही. छत डोक्याच्या तीन मीटर वर असेल तर सुटलेला थेंब डोक्यापर्यंत यायला पाऊण सेकंदाहून थोडा जास्त वेळ घेतो, आणि झडप मिटली तरी वाटेतले थेंब परत फिरत नाहीत. तेवढ्यात साध्या चालीने आपण मीटरभर पुढे गेलेले असतो. म्हणून कोरडं वर्तुळ अंगापेक्षा बरंच ऐसपैस ठेवावं लागतं, आणि पांढरे कपडे घालूनही जो धावत सुटतो, तो भिजतो.