फ्रीमेसनरी

फ्रीमेसनरी ही मूळची ब्रिटनमधली बंधुसंघटना आहे. दगडी बांधकाम करणाऱ्या गवंड्यांची अवजारे रूपक म्हणून वापरून ती आपल्या सदस्यांना टप्प्याटप्प्याने दीक्षा देते. सदस्याला फ्रीमेसन किंवा नुसते मेसन म्हणतात आणि त्यांच्या स्थानिक मंडळाला लॉज. इंदूरकर वाचकाची गडबड इथूनच सुरू होते, कारण सरवटे बसस्थानकाच्या आसपास लॉज म्हणजे रात्रीपुरती उतरण्याची खोली. मूळ अर्थही त्यापासून फार लांब नाही. मध्ययुगीन युरोपात एखाद्या मोठ्या चर्चचे काम वर्षानुवर्षे चाले, तेव्हा बांधकामाला लागून पाथरवटांची एक खोपी असे. अवजारे ठेवायची, जेवायचे, उमेदवार पोरांना काम शिकवायचे ते तिथेच. त्या खोपीला लॉज म्हणत. पुढे तीत हातात छिन्नी न धरलेली माणसे येऊ लागली आणि धंद्याची संघटना विचारांची झाली.

लंडनमधल्या चार लॉजनी 24 जून 1717 रोजी एकत्र येऊन ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांवरची वरिष्ठ संस्था, स्थापन केल्याची परंपरा आहे. संघटनेची पहिली छापील घटना 1723 ची. भारतात पहिले लॉज 1730 मध्ये कलकत्त्यात निघाले. या प्रसारात पलटणींचा वाटा मोठा होता. आयर्लंडच्या ग्रँड लॉजने 1732 मध्ये एका पायदळ पलटणीला फिरती सनद दिली आणि ती पद्धतच पडली. पलटण हलली की लॉजची पेटीही सामानाबरोबर हले. माळव्यात ही प्रथा आली ती छावणीच्याच वाटेने. होळकर आणि इंग्रज यांच्यातल्या महिदपूरच्या लढाईनंतर 6 जानेवारी 1818 रोजी मंदसोरचा तह झाला, त्या मागोमाग महूची छावणी वसली आणि पुढे तिथे लॉज चालू लागले. इंदुरातला होळकरांचा दरबार आणि रेसिडेन्सी तिथून जेमतेम वीस-बावीस किलोमीटरवर, तरी गावातल्या माणसाला ही संस्था दिसे ती बाहेरूनच : बंद खिडक्या, संध्याकाळी जमणारे काळ्या पोशाखातले साहेब, दारावर नागवी तलवार घेतलेला पहारेकरी. उत्तर हिंदुस्थानात अशा इमारतींना लोक ‘जादूघर’ म्हणू लागले, यात नवल नाही.

हिंदी माणसाला दार उघडायला बराच काळ लागला. मुंबईत डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने 1843 मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघाले, ते मुख्यतः हिंदी लोकांना, त्यातही आधी पारशांना घेण्यासाठी. मुंबईत प्रवेश न मिळालेल्या माणकजी करसेटजी यांनी तोवर थेट पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली होती. हिंदूंबाबतचा आक्षेप वेगळा होता : अनेक देव मानणाऱ्याला एका परमेश्वराला स्मरून घेतलेली शपथ बांधील राहील का? शपथ देवांच्या संख्येवर मोजण्याचा हा हिशेब कोणाही वारकऱ्याला हास्यास्पद वाटेल, पण कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना तो खोडून काढून 1872 मध्ये आत जायला सुमारे नऊ वर्षे लागली. पुढे विवेकानंद झालेले नरेंद्रनाथ यांनी कलकत्त्यातच 1884 मध्ये दीक्षा घेतली.

प्रवेशाची रीत ठरलेली आहे. इच्छुकाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. परमशक्तीवर श्रद्धा हवी, पण ती कोणत्या नावाने याची चौकशी होत नाही. इंग्लिश घटनेनुसार नाव एका सभेत मांडतात, पुढच्या सभेच्या छापील बोलावण्यात जाहीर करतात आणि मग गुप्त मतदान होते. पेटीत गोळ्या टाकायच्या : पांढरी पसंतीची, काळी नकाराची. तीन काळ्या गोळ्या निघाल्या की नाव बाद. लॉजला स्वतःच्या पोटनियमाने दोन किंवा एकाच गोळीवरही नकार ठरवता येतो. कोणी आणि का टाकली हे विचारायचे नसते. यातली खरी चूक बहुतेक वेळा सूचकाची असते. सदस्यांशी आधी ओळख करून न देता तो नाव मांडतो आणि अनोळखी माणसावर काळी गोळी पडते. एका दिवशी खास परवानगीशिवाय दोनांपेक्षा जास्त दीक्षा देत नाहीत आणि दीक्षेच्या तीन पायऱ्यांपैकी एकीवरून दुसरीवर जायला किमान चार आठवडे जावे लागतात.

सभागृह लांबट चौकोनी असते, मधोमध काळ्यापांढऱ्या चौकड्यांची फरशी. पूर्वेला लॉजचा प्रमुख म्हणजे मास्टर, पश्चिमेला आणि दक्षिणेला त्याचे दोन सहायक, सीनियर वॉर्डन आणि ज्युनियर वॉर्डन. हा सूर्याचा उदय, अस्त आणि माध्यान्ह. उत्तरेला यांपैकी कोणाचेच आसन नसते, कारण युरोपात तिकडून ऊन येत नाही. दाराबाहेर टायलर हा पहारेकरी, दाराआत इनर गार्ड, आणि उमेदवाराला हात धरून फिरवायला दोन डीकन. फिरणे नेहमी प्रदक्षिणेच्या दिशेने आणि कोपऱ्यावर काटकोनात वळून. सात जण असल्याशिवाय लॉज पूर्ण मानत नाहीत.

पहिल्या पायरीला उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोर, उजवा हात, छातीची डावी बाजू आणि डावा गुडघा उघडे, उजव्या पायात सपाता. अंगावरचा सगळा धातू काढायचा : नाणी, घड्याळ, अंगठी, बक्कल. विधीत पुढे त्याच्याकडे दानासाठी काही मागतात, तेव्हा त्याच्याजवळ कपर्दिकही नसते. तोच धडा असतो. खिशात एक नाणे राहून गेले तर प्रसंगच फसतो, म्हणून टायलर दोनदा चाचपतो. बोटात घट्ट बसलेली अंगठी निघतच नसेल तर तिच्यावर पट्टी गुंडाळतात. मग धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ. भारतीय लॉजमध्ये चौरंगावर एकच ग्रंथ नसतो. गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब आणि अवेस्ता यांतून ज्याचा जो, त्याने त्यावर शपथ घ्यावी. गळा चिरण्याच्या वगैरे जुन्या शिक्षा ऐकून लोक दचकतात. त्या कधीच अमलात आणण्यासाठी नव्हत्या, आणि इंग्लंडने 1986 मध्ये शपथेतून काढून टाकल्या.

अवजारांचे अर्थ मराठी गवंड्याला सांगावेसुद्धा लागणार नाहीत. पहिल्या पायरीला चोवीस इंची पट्टी (दिवसाचे चोवीस तास), हातोडी आणि छिन्नी. दुसऱ्या पायरीला गुण्या, पाणसळ आणि ओळंबा : वागणे काटकोनात, सगळे एका पातळीवर, मन सरळ खाली. तिसऱ्या पायरीला आखणीची फिरती दोरी, पेन्सिल आणि कर्कटक. शेजारी दोन दगड ठेवलेले असतात, एक खाणीतून आलेला खडबडीत आणि एक घडीव. नवा सदस्य पहिल्याकडे बघून स्वतःला ओळखतो अशी अपेक्षा आहे. एप्रन कोकराच्या कातड्याचा : आधी कोरा पांढरा, दुसऱ्या पायरीला दोन आकाशी फुले, तिसऱ्याला आकाशी कडा आणि तीन फुले.

तिसरी पायरी सर्वांत जड. शलमोन राजाच्या मंदिराचा मुख्य कारागीर हिराम अबीफ कारागिरांचे गुपित सांगायला नकार देतो आणि मारला जातो, या कथेत उमेदवारालाच हिरामच्या जागी उभे करतात. बायबलमध्ये हिराम नावाचा कारागीर आहे, हा खून मात्र नाही. इतिहास म्हणून ही कथा घेणाऱ्यांनी निष्कारण बरेच कागद काळे केले आहेत.

गुप्त नेमके काय, तर ओळखीच्या खुणा, हात मिळवण्याच्या पद्धती आणि शब्द. बाकी विधींचा गौप्यस्फोट लंडनमध्ये 1730 मध्येच छापून झाला होता. तरी जो आधी वाचून जातो त्याची दीक्षा फिकी पडते, जसा शेवट माहीत असलेला तमाशातला वग. सगळा विधी तोंडपाठ म्हणायचा असतो आणि खरी फजिती तिथे होते. एखादा अडखळला की चार बाजूंनी चार जण शब्द पुरवतात आणि त्याचे उरलेलेही विसरते. म्हणून पुरवणारा एकच ठरवतात आणि सरावासाठी वेगळी बैठक भरवतात. दुसरा नियम त्याहून कडक आहे : लॉजमध्ये राजकारण आणि धर्म यांवर चर्चा नाही. तरीही 1738 मध्ये पोपने कॅथलिकांना सदस्यत्व मना केले. बव्हेरियात 1776 मध्ये निघालेल्या इल्युमिनाटीशी आजही हिची सरमिसळ होते. ती वेगळी संघटना होती आणि दहाएक वर्षांतच दडपली गेली. जुन्या धाटणीच्या लॉजमध्ये स्त्रियांना प्रवेश नाही. स्त्री-पुरुषांची संयुक्त शाखा ॲनी बेझंट यांच्यामुळे भारतात वाढली.

ग्रँड लॉज ऑफ इंडिया 24 नोव्हेंबर 1961 रोजी दिल्लीत स्थापन झाली. रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान तिचे पहिले ग्रँड मास्टर. तोवर भारतातली लॉज इंग्लंड, स्कॉटलंड किंवा आयर्लंडच्या सनदेवर चालत, आणि काहींनी नंतरही तीच सनद ठेवली. सनद हा नुसता भिंतीवरचा कागद नव्हे. इंग्लिश नियमाप्रमाणे ती सभेत हजर असावी लागते, आणि हरवली तर नवी सनद किंवा तात्पुरती परवानगी येईपर्यंत सभा भरवता येत नाही, मग दाराशी सातच काय, सत्तर मेसन जमलेले असोत.