बॅटरीची वायर काढून डायनामो तपासू नका

गाडी चालू ठेवायची, बॉनेट उघडायचं आणि बॅटरीची एक वायर उपटायची. इंजिन चालूच राहिलं तर डायनामो ठीक, बंद पडलं तर डायनामो गेला. बेळगावपासून निपाणीपर्यंत ही परीक्षा अजूनही होते. आता तर मोबाइलवरच्या रील्समधून ती 'घरच्या घरी करून बघा' म्हणून फिरते आहे. परवा आमच्या गल्लीतल्या केए २२ पासिंगच्या एका जुन्या मारुती आठशेवर ती चाललेली पाहिली. "चालू हाय की गाडी! डायनामो बरा हाय, काका. बॅटरीच नवी घाला की," असा निकाल लागला. बॅटरीबद्दलचा निकाल चुकला होता, आणि परीक्षा तर त्याहून वाईट.

फियाट-अँबेसिडरच्या जमान्यात या परीक्षेने फारसं बिघडत नसे. ठिणगी पाडायला पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, एवढाच पसारा. झटका बसलाच तर एखादा बल्ब उडायचा. एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्टरने फवारणाऱ्या इंजिनाच्या गाडीत मात्र कॉम्प्युटर बसलेला असतो, आणि आपण सवयीने ज्याला डायनामो म्हणतो तो आता अल्टरनेटर असतो. त्याच्या पोटात काय चालतं ते कळलं की ती वायर काढायला हात धजणार नाही.

फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेली गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते: गुंडाळीजवळचं चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत वीज उभी राहते. अल्टरनेटरमध्ये फिरतो तो चुंबक, म्हणजे रोटर, आणि गुंडाळ्या त्याच्या भोवती जागच्या जागी असतात. गंमत अशी की हा चुंबक कायमचा नसतो. लोखंडात बसवलेली ती तारेची एक गुंडाळी असते आणि दोन कार्बन, म्हणजे ब्रश, तिच्या कड्यांवर घासत तिला तीन-चार अँपिअर पुरवतात. एवढ्याशा प्रवाहाच्या जोरावर बाहेरच्या तीन गुंडाळ्यांतून चाळीस-पन्नास अँपिअर निघतात. ते उलटसुलट वाहणारे, म्हणजे एसी असतात. सहा डायोड त्यांना एकाच दिशेला लावतात. रेग्युलेटर रोटरचा प्रवाह सेकंदाला कित्येक वेळा तोडत-जोडत राहतो, त्यामुळे बाहेर १४ व्होल्टच्या आसपास मिळतात, इंजिन रेंगाळत असो की तवंदी घाट चढत असो.

खरी मजा पुढे आहे. बाहेर १४ व्होल्ट दिसतात म्हणून आतही तेवढेच तयार होतात असं नाही. बॅटरी उतरलेली आहे आणि ती ३० अँपिअर ओढते आहे असं समजा. हा प्रवाह बाहेरच्या गुंडाळ्यांतून वाहताना त्या गुंडाळ्या स्वतःच त्याला अडवतात, कारण कुठलीही गुंडाळी बदलत्या प्रवाहाला विरोध करते. त्या विरोधावर मात करून टोकाला १४ व्होल्ट उरावेत म्हणून रेग्युलेटर रोटरचं चुंबकत्व चढवून ठेवतो. म्हणजे आतला विजेचा दाब १४ व्होल्टपेक्षा बराच जास्त असतो आणि वरचा सगळा वाटेत खर्ची पडत असतो.

आता वायर उपटा. ३० अँपिअर एकदम थांबले. प्रवाहच नाही म्हटल्यावर वाटेतला खर्चही नाही, आणि आतला सगळा दाब टोकाशी उभा राहतो. रेग्युलेटर रोटरचा पुरवठा लगेच तोडतो, पण रोटर ही लोखंडावरची मोठी गुंडाळी. तिचा प्रवाह आणि चुंबकत्व ओसरायला सेकंदाचा काही दशांश भाग तरी जातो. उसाला पाणी सोडलेल्या मोटरीचा व्हॉल्व्ह कुणी झटक्यात बंद केला की पाइप कसा धडाडतो, जोड निखळतो, तसंच हे आहे. मोटारीतल्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या चाचणीसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात या झटक्याची उंची ७९ ते १०१ व्होल्ट आणि लांबी ४० ते ४०० मिलिसेकंद धरली आहे. आणि हे सगळं बारा व्होल्टच्या गाडीत! नव्या अल्टरनेटरमधले डायोड हा झटका ३५ व्होल्टच्या आसपास दाबून धरतात. पण पंधरा-वीस वर्षांत तीनदा खोललेल्या अल्टरनेटरमध्ये आज कुठले डायोड बसलेत, हे कोण छातीठोकपणे सांगणार?

एवढा धोका पत्करून हाती काय लागतं? इंजिन नुसतं चालू राहायला पाच-दहा अँपिअर पुरतात. सहापैकी एक डायोड मेलेला अल्टरनेटरही तेवढे आरामात देतो. हेडलाइट, वायपर, पंखा आणि वर बॅटरी भरणं त्याला झेपेल का, ते या परीक्षेत कळतच नाही.

त्यापेक्षा दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. गाडी चालू केल्यावर आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. त्या आठशेत तो १२.९ वर अडकला होता. पण मीटरची लाल पिन अल्टरनेटरच्या जाड वायरच्या नटावर आणि काळी त्याच्या अंगावर टेकवली तेव्हा १४.२ दिसले. अल्टरनेटर आपलं काम चोख करत होता, १.३ व्होल्ट वाटेत कुठेतरी गळत होते. मग लाल पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि काळी इंजिनच्या अंगावर धरली. तिथे शून्याच्या जवळपास, फार तर ०.२ दिसायला हवेत. दिसले १.१.

चोर सापडला: अर्थिंगची, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनला जोडणारी पट्टी. वरून धडधाकट, पण बोल्टखाली करडा-पांढरा भुगा. खानापूर-कणकुंबीच्या पावसात सतत ये-जा करणाऱ्या गाडीत हे व्हायचंच. २० अँपिअर वाहत होते असं धरलं तर हा जोड ०.०५५ ओहमचा झाला. इतका बारीक रोध साध्या मीटरच्या ओहम खुणेवर नीट कळत नाही, म्हणून तो प्रवाह चालू असतानाच पकडावा लागतो. आणि सेल्फ तर शंभर अँपिअरच्या वर मागतो. शंभर गुणिले ०.०५५, म्हणजे साडेपाच व्होल्ट त्या भुग्यातच जिरणार. सेल्फ 'कट-कट' करून थांबायचा तो यामुळे, आणि शिव्या बॅटरीला बसायच्या. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक स्फटिक धरतात, त्यामुळे नवी घातली असती तरी तीही वेळेआधीच गेली असती. अथणी-चिकोडीकडच्या उन्हात गोष्ट वेगळी. तिथे बॅटरीचं पाणी आटतं. पण तिथेही बोअरचं पाणी नको, डिस्टिल्डच ओता.

याच गाडीच्या बंपरला लिंबू-मिरची ताजी होती. लिंबात तांब्याची तार आणि जस्त चढवलेला खिळा खोचला तर जेमतेम ०.९ व्होल्ट मिळतात, प्रवाह तर नावापुरता. लिंबातून वीज हवी असेल तर एवढीच. लायटरच्या सॉकेटमध्ये खोचून 'बॅटरीचं आयुष्य दुप्पट' करणारी जी डबी ऑनलाइन विकतात, ती उघडली तर बहुधा एक कपॅसिटर आणि एक दिवा निघेल. लिंबू निदान सरबताला तरी येतं.

दुरुस्ती साधी निघाली. आधी निगेटिव्ह सोडवली, पट्टी काढली, टेकायच्या जागा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासल्या, नवी पट्टी घट्ट आवळली आणि वरून पेट्रोलियम जेली फासली. बॅटरीवर १४.१ आले.

हे सगळं ठीक असूनही संध्याकाळची भरलेली बॅटरी सकाळी उतरत असेल, तर गळका डायोड तपासा. इंजिन चालू ठेवून मीटर एसीवर लावा. बॅटरीच्या टोकांवर ०.५ व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर बहुतेक डायोडच गेलाय. आणि अल्टरनेटरच्या नटावरही १३ च्या पुढे आकडा जात नसेल, तर बेल्ट ढिला नाही ना ते बघून मग कार्बन काढून पाहा. घासून आखूड झाले असतील तर तेवढेच बदलून मिळतात, रेग्युलेटर आणि डायोड प्लेटही बऱ्याच अल्टरनेटरची सुटी मिळते. रोटरच्या कड्यांवर खाच पडली असली तरी लेथवर हलका हात फिरवून घेता येतो, आणि उद्यमबागेच्या कारखान्यांच्या आमच्या बेळगावात लेथला तोटा नाही.