पॉटेंजरची मांजरं, लंडनची पिल्लं आणि कच्च्या मांसाचा वाद

मांजराला कच्चं मांस द्यावं का, हा प्रश्न निघाला की पाच मिनिटांत पॉटेंजरचं नाव येतं. अमेरिकेतल्या एका डॉक्टरनं नऊशेच्या आसपास मांजरांवर दहा वर्षं प्रयोग केले, कच्चं खाणारी ठणठणीत राहिली आणि शिजवलेलं खाणाऱ्यांचा तिसऱ्या पिढीत वंश खुंटला, एवढं सांगून विषय संपवला जातो. प्रयोग खरा आहे. पण ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते. उरलेली अर्धी वीसेक वर्षांनी लंडनमध्ये घडली, आणि ती माहीत नसल्यामुळे आजही मांजरांच्या पिल्लांची हाडं मोडतात. ही पिल्लं बहुतेकदा जिवापाड प्रेम करणाऱ्या घरांतलीच असतात, म्हणून हा सगळा इतिहास नीट मांडावासा वाटतो.

फ्रान्सिस पॉटेंजर ज्युनियर हे कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळच्या मॉनरोव्हिया गावातले डॉक्टर. त्यांच्या वडिलांनी 1903 साली तिथे क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम काढलं होतं. औषध नव्हतं तेव्हा मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न हाच क्षयावरचा उपाय होता. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीला असंच सॅनेटोरियम होतं. धाकटे पॉटेंजर रुग्णांसाठी अॅड्रिनल ग्रंथींचा, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथींचा, अर्क वापरत. त्याची ताकद मोजायची रासायनिक चाचणी तेव्हा नव्हती. म्हणून मांजराच्या अॅड्रिनल ग्रंथी काढून टाकायच्या आणि ते जगवायला किती अर्क लागतो ते पाहायचं, अशी पद्धत होती. आज वाचताना अंगावर काटा येतो. आसपासचे लोक सॅनेटोरियमला मांजरं देत. त्यांना रुग्णांच्या भटारखान्यातलं उरलंसुरलं शिजवलेलं मांस, कच्चं दूध आणि कॉड माशाचं तेल मिळे. तरीही ती शस्त्रक्रियेत फार मरत. पिल्लांमध्ये व्यंगं दिसत.

मांजरं वाढली, भटारखान्यातलं पुरेनासं झालं, तेव्हा मांसाच्या कारखान्यातून कच्चे तुकडे मागवायला सुरुवात झाली. ते एका ठरावीक भागातल्या पिंजऱ्यांतच दिले जात. काही महिन्यांत फरक उघड दिसू लागला. कच्चं खाणारी मांजरं शस्त्रक्रियेतून निभावून जात होती, त्यांची पिल्लंही धडधाकट होती. मग पॉटेंजर यांनी ठरवून प्रयोग मांडला आणि 1932 ते 1942 अशी दहा वर्षं चालवला. दोन तृतीयांश मांस, एक तृतीयांश दूध आणि कॉडचं तेल. एका गटाला मांस कच्चं, दुसऱ्याला शिजवलेलं. शिजवलेल्या गटात चेहरे अरुंद झाले, दात वेडेवाकडे आले, हाडं ठिसूळ झाली, माद्यांचे गर्भ पडू लागले. 1946 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं ते दातांच्या एका नियतकालिकात, कारण जबड्याच्या वाढीवर त्यांचा मुख्य भर होता. पुढे रिकाम्या झालेल्या पिंजऱ्यांत घेवडा पेरला, तर कच्चं खाणाऱ्यांच्या जागेत तो जास्त जोमानं आला, अशीही त्यांची नोंद आहे.

पॉटेंजर 1967 साली वारले. त्यांच्या प्रयोगांचं पुस्तक निघालं 1983 साली, आणि त्यानंतर ही मांजरं कच्च्या आहाराची साक्षीदार झाली. इथे एक तपशील मात्र हमखास गळतो. कारखान्यातून आलेल्या त्या पहिल्या कच्च्या तुकड्यांत मांसाबरोबर आतडी, पोटातले अवयव होते आणि हाडंही होती. म्हणजे ज्या निरीक्षणातून पुढचं सगळं उभं राहिलं, त्यात फरक फक्त चुलीवर ठेवण्या-न ठेवण्याचा नव्हता.

आता लंडन. 1950 च्या दशकात तिथल्या पशुवैद्यांकडे लंगडणारी, पाठीत वाकलेली, जरा उडी मारली की हाड मोडणारी पिल्लं येत होती. त्यांत सयामी मांजरं बरीच असल्यानं हा जातीतलाच, आनुवंशिक रोग असावा असा समज झाला होता. रॉयल फ्री रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात पॅट्रिशिया स्कॉट मांजरांच्या पोषणावर काम करत होत्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की दोष रक्तात नाही, वाटीत आहे. ही पिल्लं नुसत्या मांसावर वाढवली होती. मांसात कॅल्शियमच्या सुमारे वीस पट फॉस्फरस असतो, वाढत्या पिल्लाला ही दोन खनिजं जवळजवळ सारखी लागतात. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडांतून ओढून घेतात. हाडं कागदासारखी होत जातात. मांसाहारावर होणाऱ्या कॅल्शियम आणि आयोडीनच्या कमतरतेवरचा त्यांचा निबंध 1961 सालचा आहे. त्या पिल्लांच्या मालकांनी हलगर्जीपणा केला नव्हता. उलट, हाड-चरबी काढलेलं चांगलं मांस त्यांनी आणून घातलं होतं.

ते मांस शिजवलं होतं की नाही, यानं इथे काडीचाही फरक पडत नाही. खनिजांचं गणित दोन्हीकडे तेच राहतं. पॉटेंजर यांच्या प्रयोगाच्या शेजारी हा निबंध ठेवला की ‘कच्चं की शिजवलेलं’ हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे, असं मला ठामपणे वाटतं. रानातलं मांजर ‘मांस’ खात नाही, ते उंदीर खातं. हाडांसकट, काळजासकट, आतड्यांसकट. त्या छोट्या देहात कॅल्शियम-फॉस्फरसचा मेळ बसलेला असतो, आणि वजनाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास पाणी असतं. मांजराचा पूर्वज पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातला, तो तहान भागवायचा तोही शिकारीतून. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं मांजर सापडलं आहे. तिथपासून धान्याच्या कोठारापर्यंत आणि कोठारातून आपल्या माजघरापर्यंत ते आलं, पण त्याचं पोट फारसं बदललं नाही.

माणसानं मांजराला मांस विकत आणून घालणं ही त्या मानानं ताजी गोष्ट. 19व्या शतकातल्या लंडनमध्ये त्याचा स्वतंत्र धंदाच होता. हातगाडी ढकलत, आरोळी देत फिरणारे विक्रेते घोड्याचं मांस काडीला टोचून अर्ध्या पेनीला, पेनीला विकत. हेन्री मेह्यू यांनी 1851 च्या सुमारास शहरातल्या कष्टकऱ्यांची जी वर्णनं लिहिली, त्यांत हे विक्रेते आहेत. ते मांस कच्चं नसायचं. मेलेल्या घोड्यांच्या आवारात मोठाल्या हंड्यांत ते उकळून मग बाजारात येई. ‘डबाबंद खाणं येण्याआधी मांजरं कच्चंच खायची’ असं म्हणणाऱ्यांनी हे हंडे आठवावेत.

मग पॉटेंजर यांच्या शिजवलेल्या गटात बिघडलं काय? याचं सर्वांत पटणारं उत्तर 1970 नंतरच्या संशोधनात आहे. ते आहे टॉरिन, मांसात असणारं एक अमिनो आम्ल. बैलाच्या पित्तातून 1827 साली दोन जर्मन शास्त्रज्ञांनी ते वेगळं केलं आणि बैलाच्या लॅटिन नावावरूनच त्याला नाव मिळालं. पुढची जवळपास दीडशे वर्षं मांजराशी त्याचा संबंध कुणी जोडला नाही. 1975 साली हेज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की केसिनवर, म्हणजे दुधातल्या प्रथिनावर, ठेवलेल्या मांजरांच्या डोळ्यांतला दृष्टिपटल झिजतो, कारण केसिनमध्ये टॉरिन नसतं आणि मांजराचं शरीर ते पुरेसं बनवू शकत नाही. कुत्र्याचं, माणसाचं शरीर साधारणपणे बनवतं. मांजराला ते उंदराच्या स्नायूंतून, काळजातून आयतं मिळत आलं, त्यामुळे बनवायची गरजच उरली नव्हती. अ जीवनसत्त्वाचं तेच. आपण गाजर खाऊन ते तयार करतो, मांजराला ते येत नाही. गोडाची चव घेण्याचं जनुकही त्याच्यात निकामी आहे, हे 2005 साली कळलं.

यापेक्षा मोठा धक्का 1987 चा. त्या काळी मांजरांचं हृदय फुगून, अशक्त होऊन मृत्यू येण्याचं प्रमाण बरंच होतं आणि आजार बरा न होणारा मानला जाई. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी अशा 21 मांजरांच्या रक्तात टॉरिन अतिशय कमी असल्याचं दाखवलं. टॉरिन दिल्यावर हृदयं सुधारली. यातली मांजरं तयार खाण्यावर होती, तेही तेव्हाच्या शिफारशीप्रमाणे टॉरिन असलेल्या. पुढे कळलं की डब्यात उष्णतेनं शिजलेल्या अन्नामुळे आतड्यातले जिवाणू टॉरिनचा फडशा जास्त पाडतात. कारखान्यांनी प्रमाण वाढवलं आणि तो आजार झपाट्यानं दुर्मीळ झाला.

मांस उकळलं की टॉरिन पाण्यात उतरतं. पाणी फेकलं की तेही गेलं. पॉटेंजर यांच्या मांजरांचं तेच झालं असावं असा आज अनेकांचा तर्क आहे. रक्ताचे नमुने नाहीत, त्यामुळे तो तर्कच राहणार. पण घरी चिकन उकडून देणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं: त्याचं पाणी ओतून देऊ नका, आणि नुसत्या छातीच्या मांसावर मांजर ठेवू नका. तंगडीच्या गडद मांसात आणि हृदयात टॉरिन कितीतरी जास्त असतं.

आमच्या कोकणातल्या घरी मांजराला दूध-भात मिळे आणि मासळी साफ करताना निघणारी डोकी, आतडी. त्यावर ती कशी जगली, असं लोक विचारतात. ती त्यावर जगलीच नाहीत. माळ्यावरचे उंदीर, पाली, पडवीतले टोळ यांवर त्यांचं खरं पोषण होई, आमची वाटी ही वरकड. आज चौथ्या मजल्यावर जाळी लावलेल्या घरातल्या पर्शियन मांजराला वाटीत आहे तेवढंच आहे, म्हणून वाटीतली चूक त्याला भोवते. कच्च्या मासळीचीही एक जुनी नोंद आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटातल्या एका फार्मवर कच्चे कार्प मासे खाणारे कोल्हे लुळे पडून मेले. काही माशांत बी-1 जीवनसत्त्व मोडणारं विकर (एन्झाइम) असतं, शिजवल्यावर ते नाहीसं होतं. रोज कच्च्या मासळीवर असलेल्या मांजरांतही तसाच लुळेपणा दिसला. कलेजीची गोष्ट याहून करुण आहे. ऑस्ट्रेलियात वर्षानुवर्षं जवळजवळ कलेजीवरच वाढलेल्या मांजरांच्या मानेचे मणके एकमेकांना जुळून गेले होते. अ जीवनसत्त्वाचा अतिरेक हे त्याचं कारण, 1967 च्या निबंधात ते आलं. आपल्याकडे चिकनच्या दुकानातून ‘मांजरासाठी’ म्हणून कलेजी-पेठा मिळतो. तो अधूनमधून थोडा द्यावा, रोजचं जेवण म्हणून नाही.

कच्च्या आहाराची आजची लाट मुळात कुत्र्यांपासून उठली. खाद्याचे कोरडे दाणे बनवण्याचं तंत्र 1950 च्या दशकाअखेरीस आलं आणि पुढच्या तीस वर्षांत घराघरांत पोचलं. त्याला उलटा आवाज दिला तो ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी, 1993 साली. हाडं, अवयव, मांस हे कच्चंच द्या, असं त्यांचं सांगणं. ते मांजरवाल्यांपर्यंत यायला वेळ लागला नाही. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या मुख्य संघटनेनं 2012 साली जंतूंच्या धोक्यामुळे कच्च्या मांसाविरुद्ध भूमिका घेतली. साल्मोनेला, टोक्सोप्लाझ्मा ही भीती पोकळ नव्हती. 2019 च्या सुमारास ब्रिटनमध्ये हरणाचं कच्चं मांस असलेल्या तयार खाद्यातून मांजरांना गोवंशाचा क्षय झाल्याचंही समोर आलं. तरी पुष्कळ पालक म्हणत, मांजराचं पोट आम्लधर्मी असतं, ते पचवतं.

बर्ड फ्लूनं हा युक्तिवाद मोडला. ऑक्टोबर 2004 मध्ये थायलंडमधल्या सी राचा इथल्या व्याघ्र प्राणिसंग्रहालयात कच्च्या कोंबड्या खाल्लेल्या वाघांत एच5एन1, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू, पसरला. 441 पैकी 147 वाघ मेले किंवा मारावे लागले. 2023 मध्ये दक्षिण कोरियातल्या सोल शहरातल्या निवारागृहांत मांजरं दगावली, तेव्हा बदकाच्या मांसाच्या खाद्यात हाच विषाणू सापडला. मग तो आपल्या दाराशी आला. डिसेंबर 2024 च्या शेवटी नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला, भोपाळच्या प्रयोगशाळेनं जानेवारीत बर्ड फ्लूचं निदान केलं. खाद्यातून संसर्ग झाला असावा, अशी शंका होती. त्यानंतर काही आठवड्यांतच शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांत हा विषाणू आढळला.

गोठवल्यानं हा विषाणू मरत नाही, फ्रीजरमध्ये तो टिकून राहतो. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं कच्चं खाद्य बनवणाऱ्यांना आपल्या सुरक्षा आराखड्यात एच5एन1 चा विचार करायला सांगितलं. पूर्ण शिजवल्यावर विषाणू मरतो, आणि शिजवताना कमी झालेलं टॉरिन, मांसात मुळातच नसलेलं कॅल्शियम वरून घालता येतं. पॉटेंजर यांना 1932 साली ही सोय नव्हती. आज मी माझ्या मांजराला तंगडीचं मांस थोड्या पाण्यात शिजवून, त्याच रसासकट देते. अंड्याच्या कवचाची पूड आणि टॉरिन किती घालायचं, ते पशुवैद्यांनी वजन पाहून लिहून दिलं आहे, आणि तो कागद फ्रीजच्या दारावर चिकटवलेला आहे.