पेट्रोल बनवणारा जिवाणू आणि लिटरमागे ग्रॅमचा हिशेब

'जिवाणूंनी पेट्रोल बनवले' अशी बातमी आली की पहिला प्रश्न विचारावा: आंबवलेल्या द्रावाच्या लिटरमागे किती ग्रॅम? दक्षिण कोरियातील देजॉन शहरातल्या काइस्ट या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत १९९४ पासून काम करणारे प्रा. सांग युप ली यांची कारकीर्द समजून घ्यायलाही हाच प्रश्न उपयोगी पडतो. ते मूळचे रसायन अभियंता. सोल राष्ट्रीय विद्यापीठातून पदवी आणि १९९१ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून पीएच.डी. घेतल्यामुळे जिवाणूच्या पेशीकडे ते कारखाना म्हणूनच पाहतात. कच्चा माल किती गेला, पक्का किती आला, वाया कुठे गेला, हे आधी.

२०१२ मध्ये त्यांच्या गटाने ब्युटॅनॉलवर, म्हणजे इंधन म्हणून चालणाऱ्या एका अल्कोहोलवर, काम प्रसिद्ध केले. क्लोस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकम हा जिवाणू साखरेपासून आधी आम्ले आणि मग ब्युटॅनॉल, ॲसिटोन व इथेनॉल बनवतो. ॲसिटिक आणि ब्युटिरिक आम्लांकडे नेणाऱ्या वाटांवरची दोन जनुके त्यांनी काढून टाकली आणि थेट ब्युटॅनॉलकडे नेणारे एन्झाइम सुधारून वाढवले. लिटरमागे १८.९ ग्रॅम ब्युटॅनॉल मिळाले. इथे अडचण येते ती विषाची: ब्युटॅनॉल पेशीचे आवरण सैल करते, म्हणून जिवाणू आपल्याच मालाने मरू लागतो. उपाय म्हणजे आंबवण सुरू असतानाच ब्युटॅनॉल बाहेर काढत राहणे. तसे केल्यावर १८६१.९ ग्रॅम ग्लुकोजपासून ५८५.३ ग्रॅम मिळाले, म्हणजे शंभराला सुमारे ३१. कागदावरची कमाल मर्यादा ४१ आहे. बाकीचे वजन मुख्यतः कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते.

पुढच्या वर्षीचे काम जास्त गाजले. ई. कोलाय हा जिवाणू मेदाम्लांची (चरबीतल्या आम्लांची) साखळी दोन-दोन कार्बनने वाढवतो आणि ती १६-१८ कार्बनपर्यंत नेतो. पेट्रोलला हवेत साधारण ४ ते १२. म्हणून साखळी वेळेआधी तोडणारे, मुद्दाम बदललेले एन्झाइम घातले. मेदाम्ले जाळून टाकण्याची पहिली पायरी बंद केली, नाहीतर पेशी तयार माल स्वतःच खाते. एक नियंत्रक जनुक काढल्याने आखूड साखळ्या वाढल्या. मग क्लोस्ट्रिडियमच्या एन्झाइमने आम्लाचे अल्डिहाइड केले आणि अरेबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपट्याच्या एन्झाइमने टोकाचा एक कार्बन काढला. दहातला एक गेला की नऊ कार्बनचा नोनेन उरतो. मिश्रणात निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच होता.

एकूण हायड्रोकार्बन, म्हणजे नोनेनसारखी फक्त कार्बन-हायड्रोजनची संयुगे, भरली लिटरमागे सुमारे ०.५८ ग्रॅम. एक लिटर नोनेनचे वजन ७२० ग्रॅमच्या आसपास असते, तेव्हा तेवढ्या इंधनासाठी बाराशे लिटरहून अधिक द्राव आंबवायला हवा. वाट शक्य आहे हे या प्रयोगाने सिद्ध केले, आणि ते मोठेच यश आहे. पण पंपावर पेट्रोल यायला एवढे पुरत नाही.

ली यांनी पुढे जिवाणूच बदलला, हा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ऱ्होडोकॉकस ओपॅकस जात्याच चरबी साठवतो. २०१९ मध्ये त्याच्याकडून लिटरमागे ८२.९ ग्रॅम चरबी, आणि जनुके बदलून केलेल्या वेगळ्या वाणांकडून २१.३ ग्रॅम बायोडिझेलसारखे इथाइल एस्टर किंवा ५.२ ग्रॅम लांब साखळीचे हायड्रोकार्बन मिळवले. शेवटचा आकडा ई. कोलायच्या नऊपट आहे, मात्र हे पेट्रोलपेक्षा जड इंधन. शिवाय हा जिवाणू प्राणवायूवर जगतो. लहान टाकीत हवा सहज पुरते. मोठ्या टाकीत दाट द्रावाला ती पुरवताना ढवळण्यावर आणि हवेच्या दाबावर खर्च होणारी वीज इंधनाच्या हिशेबातूनच वजा होते.